गाळ काढायचा, पण कोणत्या सालचा?

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूण आणि महाडमध्ये एकच मागणी जोर धरून राहिली: नदीतला गाळ काढा. वाशिष्ठीत पोकलेन उतरले, सावित्रीतही उतरले. मागणी रास्तच होती. पण चर्चा झाली ती किती घनमीटर काढला याची. गाळात काय बसलं आहे, हा प्रश्न मागेच राहिला. तो प्रश्न पुरापेक्षा बराच जुना आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कोकणच्या गाळात धातू कारखान्यांच्या आधीपासून आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण लोखंड, तांबे, टायटॅनियम घेऊनच झिजतो. जांभ्याचा तांबडा रंग लोहाचा. कणकवलीच्या बाजूला क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज सापडतं, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू म्हणजे इल्मेनाइट, लोह-टायटॅनियमचं खनिज. जगभरच्या सरासरी शेल खडकात, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, तांबे दहा लाख भागांत ४५ भाग धरतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, ते सहसा दुपटीहून जास्त भरतं. त्यामुळे जागतिक सरासरीशी तुलना करून ‘खाडीत तांब्याचा धोका’ असा मथळा कुणी दिला, तर मी तो जरा जपूनच वाचतो. आकडा एकटा काही सांगत नाही. खोलीनुसार तो कसा बदलतो, ते बघावं लागतं.

त्यासाठी खाजणात नळी उभी रोवून चिखलाचा दंडगोल काढतात आणि त्याच्या चकत्या पाडतात. शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षांचं, त्यावरून गेल्या शंभरेक वर्षांतले थर ओळखता येतात. खेकडे आणि किडे मध्येच उकरून ठेवतात, तेवढा घोळ गृहीत धरायचा.

वरच्या, म्हणजे अलीकडच्या थरांत धातू वाढलेले दिसले, तर ते कुठून आले असतील याचा अंदाज औद्योगिक इतिहासावरून येतो. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून; मग ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा. पुढे रसायन कारखाने दक्षिणेकडे सरकले आणि प्रत्येक वसाहतीच्या वाट्याला एक नदी किंवा खाडी आली: रोह्याला कुंडलिका, महाडला सावित्री, लोटे-परशुरामला करंबवणे आणि पुढे दाभोळची खाडी. निळ्या-हिरव्या रंगद्रव्यांत तांबे असतं, उत्प्रेरकांत निकेल. कॉस्टिक सोडा पूर्वी पारा वापरणाऱ्या विद्युत घटांत बनायचा. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांचा निबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. दोष एकट्या कारखान्यांचा मात्र नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० सालापर्यंत विकलं जात होतं, आणि होड्यांच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या रंगात तांबे आजही असतं.

कायदे त्या मानाने लवकर आले. राज्याचा जलप्रदूषण कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं, केंद्राचा कायदा १९७४ चा. किनाऱ्याच्या पाण्यावर नियमित नजर ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम १९९१ पासून. पण या व्यवस्थेचा भर राहिला पाण्यावर. गाळासाठी आपले संशोधक आजही अमेरिका-कॅनडातल्या मर्यादा उसन्या घेतात. त्या मर्यादा ठरवताना बेसाल्टचा किनारा कुणाच्या डोळ्यासमोर असण्याचं कारण नाही.

आणि धातू पाण्यात फार काळ राहतच नाहीत. नदीचं गोडं पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्याला भेटलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, धातूंना सोबत घेऊन. म्हणून ओहोटीला घेतलेली पाण्याची बाटली पुष्कळदा निर्दोष निघते. मासे मरून तरंगतात तेव्हा बातमी होते. तिथे बहुधा ऑक्सिजन संपलेला असतो किंवा आम्ल सुटलेलं असतं. धातूंचा परिणाम असा एका रात्रीत दिसत नाही. गढूळ पाणी गाळून जगणाऱ्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवांच्या अंगात ते साठत जातात, आणि तिसऱ्या तर आपण आवडीने खातो.

आता पुन्हा पोकलेनकडे. पात्रातली भरड वाळू आणि गोटे धातू फारसे धरून ठेवत नाहीत. ते काढायला हरकत नाही. खालच्या खाडीतला बारीक काळा चिखल वेगळा. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यातल्या सल्फाइडचा, आणि हवा लागत नाही तोवर तेच सल्फाइड तांबे, जस्त, शिसे यांना बांधून ठेवतं. उपसून उन्हात टाकला की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं, आम्ल तयार होतं आणि धातू सुटे होतात. असा चिखल भरावाला किंवा शेताला गेला, तर पहिल्या पावसाचं पाणी ते धातू घेऊन बांधाखालच्या विहिरीकडेही जाऊ शकतं. दोन ठिकाणचा गाळ एकाच डंपरमध्ये भरण्याआधी नळीभर चिखल प्रयोगशाळेत पाठवायला फार खर्च येत नाही.