खेळण्यातलं वाफेचं इंजिन दुरुस्त करताना: छोटेपणा बॉयलरला वाचवतो, सिलेंडरला छळतो

आपलं सोलापूर वाफेवर वाढलेलं गाव आहे. १८६० मधे रेल्वे आली, १८७७ ला जुनी गिरणी सुरू झाली, १८९७ ला बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला धावायला लागली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं गिरणीच्या भोंग्यावर अख्ख्या गावाचा दिवस चालायचा. आता ना ते बॉयलर राहिले ना ती इंजिनं. पण वाफ नेमकं काम कसं करते हे डोळ्यासमोर, टेबलावर बघायचं असेल तर एक वस्तू अजून कुठे कुठे घरात सापडते, ती म्हणजे खेळण्यातलं वाफेचं इंजिन. पितळेचा आडवा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, बाजूला एक बोटाएवढा सिलेंडर आणि फ्लायव्हील म्हणजे फिरणारं जड चाक, बस. इंग्लंडमधे बर्मिंगहॅमला मॅमॉड नावाने १९३७ पासून अशी इंजिनं बनायला लागली, जर्मनीत न्युरेंबर्गला तर त्याच्याही आधीपासून बनत होती, आणि त्यातली काही फिरत फिरत आपल्याकडेही आली. माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं एका मित्राच्या आजोबांचं, आजोबा गिरणीत फिटर होते.

अशी वस्तू हातात आली की पहिली इच्छा होते ती घासूनपुसून चकाचक करायची. ती जरा थांबवा. कारण हे इंजिन दिसतं मोठ्या इंजिनाची छोटी प्रतिकृती, पण वागतं तसं नाही. आकार छोटा केला की काही गोष्टी सोप्या होतात आणि काही भयंकर अवघड होतात, आणि कुठली कुठे हे कळलं की दुरुस्तीत काय करायचं काय नाही ते आपोआप कळायला लागतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे स्वतः जेम्स वॅट. १७६३-६४ च्या हिवाळ्यात तो ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचं काम करत होता आणि त्याच्याकडे न्यूकमेनच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला आलं, वर्गात मुलांना दाखवायचं मॉडेल. न्यूकमेनची मोठी इंजिनं १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होती, त्यामुळे यंत्राच्या तत्त्वात चूक नव्हती. पण हे मॉडेल चार झटके मारून बंद पडायचं, बॉयलर चांगला असूनही वाफ पुरायची नाही. दुसऱ्या कुणी नीट बसवून देऊन टाकलं असतं, वॅटने मात्र विचारलं की वाफ जाते कुठे? मोजल्यावर त्याला दिसलं की एका झटक्याला सिलेंडर भरायला जेवढी वाफ लागायला पाहिजे त्याच्या कितीतरी पट जास्त आत जातेय, आणि ती गार सिलेंडर तापवण्यातच पाणी होऊन संपतेय. न्यूकमेनच्या इंजिनात दर झटक्याला सिलेंडरमधे गार पाणी मारून वाफ थिजवायचे म्हणजे तिचं परत पाणी करायचे, त्यामुळे मोठ्या इंजिनातही ही नासाडी होतीच, पण छोट्या मॉडेलमधे ती इतकी वाढली की यंत्रच बंद पडलं. १७६५ मधे त्याला वाफ थिजवायला वेगळं भांडं ठेवायची कल्पना सुचली, १७६९ ला पेटंट मिळालं, पुढचं सगळ्यांना माहितीये. ते मॉडेल आजही ग्लासगोच्या हंटेरियन म्युझियममधे जपून ठेवलंय.

मॉडेलमधे ती नासाडी का वाढली? गणित साधं आहे. वस्तूची लांबी-रुंदी-उंची सगळी निम्मी केली तर तिचा पृष्ठभाग चौथा हिस्सा होतो पण आतली जागा आठवा हिस्सा होते, म्हणजे आत जेवढी वाफ मावते त्या मानाने तिला गार करणारी भिंत दुप्पट झाली. गिरणीतल्या इंजिनाचा सिलेंडर समजा ५० सेंटीमीटर व्यासाचा आणि आपल्या खेळण्याचा १ सेंटीमीटरचा, तर आपल्याकडे दर थेंबभर वाफेमागे भिंत ५० पट जास्त. आणि वाफ नुसती गार होत नाही, ती कोसळते. वातावरणाच्या दाबाला १ ग्रॅम पाण्याची साधारण १६०० ते १७०० पट जागा घेणारी वाफ होते, तीच वाफ भिंतीला लागून परत पाणी झाली की तेवढी जागा एकदम रिकामी. शिवाय जाता जाता ती भिंतीला जवळपास ५४० कॅलरी देऊन जाते, १ ग्रॅममागे, जेव्हा की तेच पाणी ३० अंशापासून उकळीपर्यंत आणायला फक्त ७० लागल्या होत्या. म्हणून छोटं इंजिन सुरुवातीला फुरफुरतं, गरम पाणी थुंकतं, चाक हाताने फिरवलं तरी अडखळतं. लोक म्हणतात बिघडलंय. बिघडलेलं नसतं हो, सिलेंडर गार असतो! चाक हाताने पुढे-मागे फिरवत राहायचं, पाणी बाहेर काढायचं, सिलेंडर तापला की मग ते आपोआप धरतं.

आता बॉयलर. इथे मात्र छोटेपणा आपल्या बाजूने उभा राहतो. नळकांड्याच्या आकाराच्या बॉयलरच्या पत्र्यावर येणारा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला पत्र्याच्या जाडीने भागून मिळतो. ४० मिलिमीटर व्यास, ०.७ मिलिमीटर जाड पत्रा आणि १.५ बार दाब (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) धरला तर ताण येतो ४ मेगापास्कलच्या थोडा वर, चांगल्या पितळेला हे काहीच नाही. तोच पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवून २ मीटर व्यासाचा बॉयलर केला तर ताण ५० पट, म्हणून गिरणीच्या बॉयलरला सेंटीमीटरच्या हिशोबात जाड प्लेटा लागायच्या आणि खेळण्याला टिनपाटाएवढा पत्रा पुरतो. पण हे गणित फक्त धड पितळेचं आहे, सपाट टोपणं आणि डाख लावलेले जोड यांचं नाही. आणि पितळ धड आहे की नाही हेच जुन्या बॉयलरमधे बघायचं असतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थात ते खूप वेळ राहिलं की जस्त निघून जातं आणि मागे तांब्याची सच्छिद्र जाळी उरते, बाहेरून गुलाबी डाग दिसतात. असा डाग बॉयलरवर दिसला तर त्याला कितीही पॉलिश करा, ताकद परत येत नाही. म्हणून देवाच्या भांड्यांना लावतो तशी चिंच बॉयलरला लावून रात्रभर ठेवणे वगैरे प्रकार अजिबात नको.

दुसरं संकट जास्त फसवं आहे आणि त्याची गोष्ट भारतातलीच आहे. ब्रिटिश सैन्य पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत साठवायचं, आणि पाऊस संपल्यावर बघितलं तर त्यांच्या पितळेच्या कवचांना तडे गेलेले. पाऊस आला की तडे, म्हणून त्याला ऋतूचं नाव पडलं, सीझन क्रॅकिंग, पण खरं कारण १९२१ मधे उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया. गार अवस्थेतच ओढून बनवलेल्या पितळेत आत ताण अडकून राहिलेला असतो, त्याला अमोनिया मिळाला की बारीक तडा आत आत सरकत जातो. बॉयलरची नळीही तशीच ओढून बनवलेली असते, आणि बाजारातल्या काही ब्रास पॉलिशमधे अमोनिया असतो. लेबल वाचा. असेल तर ते नावाच्या पाटीला लावा, बॉयलरला नको, आणि मला विचाराल तर बॉयलरला जुना सोनेरी-तपकिरी रंग राहू द्यावा, तोच शोभतो.

आतला पांढरा थर मात्र काढायलाच हवा. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलचं काय होतं ते प्रत्येक घरात दिसतं, तोच क्षार, बहुतेक करून कॅल्शियम कार्बोनेट. लिंबूसत्वाचं पातळ द्रावण कोमट करून आत घातलं की बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड, बुडबुडे थांबले की लगेच ओतायचं आणि स्वच्छ पाण्याने खळखळून चार-पाच वेळा धुवायचं, वर सांगितलेलं जस्ताचं लक्षात ठेवून. पुढे चालवताना डिस्टिल्ड पाणीच घाला, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, फक्त बाटलीवर ॲसिड नाही ना ते बघा.

मग टेस्ट. बॉयलर तपासायचा तो पाण्याने, हवेने कधीच नाही. हवा दाबली जाते आणि दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते, जोड सुटला तर तुकडे उडतात. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे तडा असेल तर नुसता थेंब येतो आणि गेजचा काटा खाली पडतो, संपलं. काठोकाठ पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दीडपट नेऊन तिथे थोडा वेळ धरायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट बनवणारे लेथवाले आहेत, त्यांच्याकडून पंप जोडायला योग्य आट्यांचा निपल करून घेता येतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हची सीटही साफ करून मिळते. व्हॉल्व्ह हलत नसेल तर इंजिन पेटवायचंच नाही. त्याची स्प्रिंग घट्ट करून जास्त जोर मिळवायचा मोह तर कुणी करूच नये.

बॉयलर कधी कोरडा पडू देऊ नका, यामागचं विज्ञान फार सुंदर आहे. स्पिरिटची ज्योत १००० अंशाच्या पुढे जाते आणि साधा कथील-शिशाचा डाख १८३ अंशापासूनच वितळायला लागतो, मग बॉयलर टिकतो कसा? पाण्यामुळे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, इथे पाणी उघड्यावर ९८ अंशांच्या थोडं पुढे उकळतं, बॉयलरमधे १ बार दाब चढला की १२० च्या आसपास, आणि जोपर्यंत आत पाणी आहे तोपर्यंत पत्रा त्याच्या फार वर जाऊ शकत नाही, पत्र्याला मिळणारी जवळपास सगळी उष्णता पाणी तापवण्यात आणि वाफ करण्यात खर्च होते. शेवटचा थेंब गेला की हा लगाम सुटतो आणि काही क्षणात डाख पाझरायला लागतो. म्हणून दिव्यात स्पिरिट मोजून भरायचं, पाणी संपायच्या आधी दिवा विझला पाहिजे. आणि स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, आपल्या एप्रिलच्या उन्हात तर बिलकुल नाही, त्यामुळे सावलीत चालवा आणि विझलाय असं समजून दिव्यात परत स्पिरिट ओतू नका, पोरं आजूबाजूला असताना तर मुळीच नाही.

सिलेंडरकडे परत येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. या स्वस्त इंजिनात वेगळे व्हॉल्व्ह नसतात, सिलेंडर स्वतःच डुलतो. त्याच्या सपाट पाठीला एक भोक, समोरच्या ठोकळ्यात दोन, एक वाफ येण्याचं आणि एक जाण्याचं. क्रँक म्हणजे चाकाला जोडलेला दांडा फिरतो तसा सिलेंडर झुलतो आणि भोक आळीपाळीने दोघांसमोर येतं. दोन सपाट तोंडं एकमेकांवर स्प्रिंगने टेकलेली, मधे पॅकिंग काही नाही. तिथे एक ओरखडा असला तरी वाफ निसटते. जाड काचेवर बारीक वॉटर पेपर ठेवून, तेल टाकून, तोंड आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासायचं, पूर्ण तोंड एकसारखं मंद दिसेपर्यंत. स्प्रिंग घट्ट केली की गळती थांबते पण घर्षण वाढतं, आणि घर्षण इथे जीवघेणं आहे, कारण फ्लायव्हील: सगळी मापं निम्मी केली तर मिनिटाला तेवढ्याच फेऱ्या असताना त्यात साठणारी ऊर्जा ३२ वा हिस्सा उरते. मोठं चाक जे अडथळे सहज पार करून जातं तिथे छोटं चाक थांबतं. म्हणून ही इंजिनं भरधाव फिरतात, सावकाश चालणं त्यांना जमतच नाही.

तेल शिलाई मशीनचं नको, गरम ओल्या वाफेत ते धुऊन जातं. स्टीम ऑइल जाड असतं, ४६० ग्रेडचं बघा. जुन्या इंजिनात दोरीसारखं पॅकिंग किंवा राखाडी वायसर सापडला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो, कोरडा खरवडू नका, ओला करून, मास्क लावून काढा आणि पिशवीत बंद करा, त्याजागी टेफ्लॉन लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तोही घासायचा नाही, आणि तसंही मूळ रंगाचे टवके उडालेले असले तरी ते राहू द्यावेत असं माझं ठाम मत आहे, फिटरच्या हाताने झिजलेली कड नवीन स्प्रेने परत मिळत नाही.

चालवून झालं की बॉयलर गरम आहे तोवर घाई करू नका, दाब पूर्ण उतरू द्या, मग पाणी ओतून झाकण उघडंच ठेवा म्हणजे आतली ओल उडून जाईल. सिलेंडरमधे स्टीम ऑइलचे दोन थेंब टाकून चाक हाताने फिरवा, कारण आत राहिलेल्या पाण्याने स्टीलचा दांडा दोन दिवसांत गंजतो.