जुना प्रोसेसर, वाढीव वेग आणि ठाण्यातला मे महिना

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत घरोघरचे जुने डेस्कटॉप भंगारात निघू लागले. त्यातल्या अनेक मशीनमध्ये इंटेलचा आय५-२५००के हा २०११ सालचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. वेग वाढवून ती अट पूर्ण होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली, तर हेच मशीन आणखी काही वर्षं उत्तम काम देतं, आणि त्याचा वेग सुरक्षितपणे वाढवताही येतो.

वय झालं की प्रोसेसर आपोआप मंदावतो, हा समज चुकीचा आहे. त्याचं घड्याळ तेवढ्याच ठोक्यांनी चालतं. मंदावते ती हार्ड डिस्क. नाहीतर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीचा थर बसलेला असतो आणि चिप तापून स्वतःच वेग उतरवते. 'स्पीड बूस्टर' नावाच्या सॉफ्टवेअरनं यातलं काहीही सुधारत नाही. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा जरूर करावी, पण हळदकुंकू पंख्याच्या जाळीवर वाहू नये. ती पूड आत ओढली जाते आणि पात्यांवर जाऊन बसते.

वेग वाढवणं म्हणजे नेमकं काय? २५००के चे चारही कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामाला लागले की तो ३.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३.४ अब्ज ठोक्यांवर, चालतो. म्हणजे एका ठोक्याला साधारण २९४ पिकोसेकंद मिळतात (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग). ४.२ गिगाहर्ट्झवर उरतात २३८. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सात सेंटिमीटर जातो. या अवधीत एका फ्लिप-फ्लॉपमधून (एक बिट धरून ठेवणाऱ्या छोट्या सर्किटमधून) निघालेला संकेत मधल्या सगळ्या ट्रान्झिस्टरमधून वाट काढत पुढच्या फ्लिप-फ्लॉपपाशी पोचून स्थिर व्हावा लागतो. लोकल सुटायच्या आत डब्यात चढावं लागतं, तसंच. चिपमध्ये असे असंख्य मार्ग असतात आणि कमाल वेग ठरतो तो त्यातल्या सर्वांत लांबच्या मार्गावरून. तिथला संकेत उशिरा आला की जुनाच बिट वाचला जातो. चिप जळत नाही, धूर निघत नाही, फक्त उत्तर चुकतं. नशीब चांगलं असेल तर मशीन हँग होतं. नसेल तर चुकलेला बिट गुपचूप फाइलमध्ये लिहिला जातो, आणि खरा धोका तोच आहे.

संकेत लवकर पोचवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं. प्रत्येक ट्रान्झिस्टरचं गेट हा एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, आहे. व्होल्टेज जास्त असेल तर ट्रान्झिस्टरमधून जास्त प्रवाह वाहतो आणि पुढचं गेट लवकर भरतं. मात्र उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. ३.४ गिगाहर्ट्झ व १.२० व्होल्टवरून ४.२ व १.३० वर गेलं, तर वेग २४ टक्के वाढतो आणि उष्णता ४५ टक्के. ४.५ साठी १.३८ व्होल्ट लागले, तर उष्णता मूळच्या पावणेदोनपट होते, आणि हाती येतो फक्त आणखी ७ टक्के वेग. शिवाय तापलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांची गती मंदावते, संकेत पुन्हा उशिरा येतात आणि पुन्हा व्होल्टेज वाढवावंसं वाटतं. जोरदार प्रवाहानं तांब्याच्या तारांमधले अणूही हळूहळू सरकतात. हे इलेक्ट्रोमायग्रेशन तापमानाबरोबर झपाट्यानं वाढतं. म्हणून रोजच्या वापरासाठी ४.२ वर थांबावं आणि १.३५ व्होल्ट ओलांडू नयेत.

आता प्रत्यक्ष काम. मदरबोर्ड पी६७ किंवा झेड६८ सारख्या चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) हवा. एच६१ वर मल्टिप्लायर वाढत नाही. मल्टिप्लायर म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला, बेस क्लॉकला, गुणणारा आकडा; ४२ म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ. कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर पाहा. एखाद्याचा माथा जरी फुगलेला असेल, तर हा नाद तिथेच सोडा. खाडीजवळच्या घरांत दमट, खारट हवेनं स्लॉटचे संपर्क काळवंडतात, तेही पाहून घ्या. इंटेलचा मूळ बुटका कूलर काढून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवा. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा. टॉवर कूलरचा वारा मदरबोर्डच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) पडत नाही, त्यामुळे कॅबिनेटच्या मागचा पंखा चालू असणं गरजेचं आहे.

चाचणीच्या काळात हार्ड डिस्क किंवा एसएसडीची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून ठेवा आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवा, म्हणजे चुकीचा बिट तुमच्या फोटोंपर्यंत पोचणार नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बेस क्लॉक १०० वरच ठेवा, कारण या पिढीत पीसीआय (जोडकार्डांचे स्लॉट) आणि साटाही त्याच घड्याळावर चालतात. रॅमला हात लावू नका. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. बोर्ड गरजेपेक्षा बरंच जास्त देतो. १.२० वर ठेवून मल्टिप्लायर ३६ करा आणि एमप्राइम हा प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन चुका पकडणारा प्रोग्रॅम वीस मिनिटं चालवा. टिकलं तर ३७, मग ३८. चूक दाखवली किंवा हँग झालं, की ०.०१ व्होल्टनं वाढवा. मल्टिप्लायर आणि व्होल्टेजच्या शेवटच्या जोडीवर रात्रभर चाचणी घ्या. लोड-लाइन कॅलिब्रेशन (ताण आल्यावर घसरणारं व्होल्टेज सावरणारी सेटिंग) मध्यम ठेवा. कमाल पातळीवर लोड सुटताक्षणी व्होल्टेज क्षणभर उसळतं.

तापमान वाचताना खोलीचं तापमान शेजारी लिहा. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत चिप ६५ वर असेल, तर फरक ४० चा. मे महिन्यात दुपारी विनाएसी खोली ३५ वर जाते, तेव्हा तीच चिप ७५ किंवा थोडी वर. ही चिप ९८ अंशांना वेग उतरवते, पण ८० च्या आत राहिलेलं बरं. दमट हवेला घाबरायचं कारण नाही. चिप खोलीपेक्षा गरमच असते, तिच्यावर दव धरत नाही. दव धरतं ते थंड केलेलं पाणी किंवा पेल्टियर (विजेवर थंड होणारी पट्टी) वापरणाऱ्यांच्या मशीनमध्ये. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून तो प्रयोग इथे नको.

बदल केल्यावर स्क्रीनच आली नाही, तर पॉवर केबल काढा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर बायोसच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल मशीनइतकाच जुना असेल, तर त्याच वेळी नवाच टाका.