संयुक्त मार्ग आराखडा

एकच मोठा रस्ता दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांच्या हद्दींतून जात असेल, तर त्याची सुधारणा त्या संस्थांनी मिळून ठरवणे म्हणजे संयुक्त मार्ग आराखडा. त्यात मोटारींइतकाच पादचारी, सायकलस्वार आणि बसप्रवासी यांचाही विचार असतो.

नाशिक–त्र्यंबकेश्वर रस्ता हे याचे बोलके उदाहरण. त्र्यंबक नाक्यावरून निघालेला हा रस्ता सातपूरची औद्योगिक वसाहत मागे टाकून महिरावणी, अंजनेरीमार्गे त्र्यंबकला पोहोचतो. एका टोकाला १९८२ साली स्थापन झालेली महापालिका, दुसऱ्या टोकाला नगरपरिषद, मधे ग्रामपंचायती. शिवाय सार्वजनिक बांधकाम विभाग, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, शहर पोलीस आणि ग्रामीण पोलीस. हद्दी इतक्या असल्या तरी चालणाऱ्याची वाट एकच असते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या याच वाटेने येतात. श्रावणात ब्रह्मगिरी फेरीची गर्दी असते आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ.

पहिले काम मोजणीचे. प्रत्येक खात्याचा साखळी क्रमांक (रस्त्याच्या आरंभबिंदूपासून मोजलेले अंतर) वेगळ्या शून्यापासून सुरू होत असेल, तर एकाच वळणाची नोंद दोन ठिकाणी होते किंवा कुठेच होत नाही. म्हणून सगळ्यांनी एकच शून्य मानून रुंदी, झाडे, गटारे, विजेचे खांब, बसथांबे आणि अपघात एका नकाशावर आणावेत. साधारण ५०० मीटर लांबीत ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर इजेचे ५ अपघात झाले, अथवा १० मृत्यू झाले, तर ते ठिकाण केंद्रीय निकषानुसार ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. हद्दीच्या अलीकडे ३ आणि पलीकडे २ अपघात झाले, तर स्वतंत्र यादीत दोन्हींकडे ते निसटते. एकत्र नकाशाचा सर्वांत मोठा फायदा हाच.

त्यानंतर रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रुंदीची वाटणी, ठरते. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. खांब, डीपी (वीजवितरणाच्या पेट्या) आणि टपऱ्या वगळून. पदपथाची उंची १५० मि.मी.पेक्षा जास्त ठेवल्यास वृद्धांना चढता येत नाही, मग लोक डांबरावरूनच चालतात. शाळा, देवस्थान आणि कारखान्यांच्या फाटकांसमोर पदपथाच्या पातळीला उचललेले क्रॉसिंग द्यावे. १५० मि.मी. उंचीला १:१२ उतार धरला तर दोन्ही बाजूंना १.८ मीटरची चढण लागते. ती आखूड केली की वाहने आदळतात, लोक तक्रार करतात आणि क्रॉसिंग उखडले जाते. चढणीच्या आधी पाणी उचलणारी जाळी नसेल, तर पहिल्या पावसात तिथेच तळे होते.

सिग्नलची वेळ चालीवरून काढतात. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली, तर १४ मीटर रुंद रस्त्याला सुमारे १२ सेकंद पुरतात, ०.८ मीटरने चालणाऱ्या वारकऱ्याला मात्र साडेसतरा लागतात. मधल्या दुभाजकात थांबायला जागा दिली तर हे अंतर दोन टप्प्यांत तुटते. बसथांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर असावा. आधी ठेवला तर थांबलेल्या बसच्या पुढून रस्ता ओलांडणारा माणूस मागून येणाऱ्या चालकाला दिसत नाही.

सर्वाधिक बिघाड हद्दीच्या सांध्यावर होतात. पदपथ अचानक संपतो, दिवे बंद पडतात, चौपदरीचा दुपदरी होतो आणि वेग मात्र तोच राहतो. रुंदी कमी करायची असेल तर ती हद्दीच्या दगडावर करू नये. आधी फलक, रम्बलर (वेग कमी करायला लावणारे उंचवट्यांचे पट्टे) आणि उजेड देऊन सावकाश करावी. दुसरी चूक डांबराची. जुना थर न खरवडता नवा चढवला की साइडपट्टी, म्हणजे डांबराशेजारची कडेची पट्टी, खाली राहते. कडेला सरकलेली दुचाकी त्या कडेवरून घसरते, आणि उचललेले क्रॉसिंगही दोन-तीन थरांत सपाट होते.

म्हणून लेखी करारात बांधकामाच्या खर्चाआधी देखभालीची वाटणी हवी: दिव्यांचे बिल कोणाचे, पट्टे दरवर्षी कोण रंगवणार, पाइपलाइनसाठी खोदल्यावर किती दिवसांत पूर्ववत करायचे, अतिक्रमण कोणाच्या पथकाने काढायचे. ही कलमे मोकळी सोडलेला आराखडा उद्‌घाटनानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात हद्दीपासूनच उसवू लागतो.