चवीची नस कानातून जाते!

कानाचं ऑपरेशन झालं की काही पेशंट सांगतात, तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव येतेय, जिभेची एक बाजू बधिर वाटतेय. घरच्यांना वाटतं औषधाचा परिणाम असेल, पण कारण बऱ्याचदा खरंच कानात असतं.

जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेते ती कॉर्डा टिम्पनी नावाची अगदी बारीक नस. ती जिभेतून निघते, थोडं अंतर जिभेचा स्पर्श नेणाऱ्या लिंग्वल नर्व्हच्या सोबतीने जाते, मग वेगळी होऊन वर चढते आणि चक्क मध्यकर्णात शिरते, तिथे पडद्याच्या आतल्या बाजूने हातोडा आणि ऐरण या दोन इवल्याशा हाडांच्या मधून जाऊन चेहऱ्याच्या फेशियल नर्व्हला मिळते. ऐकण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही! पण सर्जनला रिकीब या कानातल्या तिसऱ्या हाडापर्यंत पोचायचं तर ही मधे येते, बाजूला सारताना ताणली जाते, आणि चव बिघडते. बऱ्याच जणांची काही महिन्यांत सुधारते. बेल्स पाल्सीत अर्धा चेहरा लुळा पडतो तेव्हाही त्या बाजूची चव जाऊ शकते, कारण त्यात बिघडते ती फेशियल नर्व्ह, आणि चवीची नस तिलाच मिळते.

आता मिरचीचा ठेचा घ्या. त्यातलं मीठ, लिंबू कळतं ते चवीच्या नसांमुळे, पण तिखट ही मुळात चव नाहीच, ती जळजळ आहे आणि ती चेहऱ्याचा स्पर्श-वेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या फांदीतून, म्हणजे त्या लिंग्वल नर्व्हमधूनच जाते. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या रिसेप्टरला (नसेवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं तोच साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेने चालू होतो, म्हणून ठेचा खाऊन गरम चहा प्यायलात तर जीभ जास्तच पोळते. हा रिसेप्टर डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने 1997 मध्ये शोधला, 2021 चं नोबेल त्यांना मिळालं. पाण्याने आग थांबत नाही कारण कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, दूध-दही घ्या, त्यातलं केसीन ते धरून नेतं.

मागच्या एक तृतीयांश भागात मात्र चव आणि स्पर्श दोन्ही ग्लॉसोफॅरिंजिअल नर्व्ह सांभाळते (डॉक्टर मागे चमचा लावतात आणि उबळ येते ना, तीच), अगदी मुळाशी थोडं काम व्हेगस नावाच्या नसेचं, आणि जीभ हलवणारी हायपोग्लॉसल आणखी वेगळी. एवढ्या नसा का, तर गर्भात जीभ एका तुकड्यातून बनतच नाही, वेगवेगळे भाग जुळून बनते आणि प्रत्येक भाग आपापली नस घेऊन येतो.

आणि जिभेवरच्या चवींच्या नकाशाचं ते चित्र, टोकाला गोड, मागे कडू, ते आता पुस्तकांतून काढाच! 1901 मध्ये हॅनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या भागाभागात फक्त किंचित फरक दिसला होता, पुढे लोकांनी त्याचे थेट नकाशे केले. जिथे जिथे चवीच्या कळ्या आहेत तिथे गोड, आंबट, खारट, कडू, उमामी (खमंग चव) सगळंच कळतं, म्हणून तर एक नस दुखावली तरी पुष्कळांच्या ते लक्षातही येत नाही.