ग्रंथपालांसाठी मोफत इंटरनेट वर्कशॉप

ग्रंथपाल, कॅटलॉगर, अर्काइव्ह सांभाळणारे, रिसर्च डेटा बघणारे अशा माहितीच्या कामातल्या लोकांना इंटरनेटचं तंत्र हाताने करून शिकवणारं आणि त्यासाठी फी न घेणारं शिबिर म्हणजे हे वर्कशॉप. कधी ते दोन तासांत आटपतं, कधी दोन दिवस चालतं, कधी आठवड्याला एक असं महिनाभर. भाषण आणि वर्कशॉप यातला फरक इथे फार महत्त्वाचा आहे, कारण समोर स्लाइड चालू आहेत आणि लोक वहीत उतरवून घेतायत याला पुष्कळ ठिकाणी वर्कशॉप म्हणतात, पण ज्यात प्रत्येकाच्या पुढ्यात कॉम्प्युटर नाही आणि प्रत्येकाची चूक प्रत्येकाने स्वतः दुरुस्त केली नाही ते वर्कशॉप नाही, व्याख्यान आहे.

मराठीत एक सोय आहे, ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे सॉफ्टवेअरच्या जगात त्यावर वर्षानुवर्षं खुलासे करावे लागलेत. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत, मुक्त म्हणजे ती गोष्ट घेऊन तुम्ही बदलू शकता, पुढे वाटू शकता. वर्कशॉप मोफत असणं चांगलंच, पण त्यातले धडे, सरावाचा डेटा, सूचना हे सगळं मुक्त असेल तर तिथून परत गेलेला ग्रंथपाल पुढच्या महिन्यात तेच आपल्या सहकाऱ्यांना शिकवू शकतो, आणि माझ्या मते खरा फायदा तिथे सुरू होतो.

ग्रंथपालांना इंटरनेट शिकवायचं म्हणजे अगदी शून्यातून शिकवायचं असा एक समज असतो, तो चुकीचा आहे. पुस्तकाची नोंद मशीनला वाचता यावी म्हणून मार्क हा फॉरमॅट १९६० च्या दशकात तयार झाला, हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तो उभा केला. १९७१ मध्ये ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेचं ऑनलाइन कॅटलॉगिंग सुरू झालं, म्हणजे वर्ल्ड वाइड वेब यायच्या वीस वर्षं आधी वेगवेगळ्या गावांतले ग्रंथपाल एकाच नोंदीवर नेटवर्कमधून काम करत होते. ‘इंटरनेटवर सर्फिंग’ हा शब्दप्रयोग लोकांपर्यंत पोचवण्यात ज्यांच्या १९९२ च्या लेखाचा मोठा वाटा मानला जातो त्या जीन आर्मर पॉली पण ग्रंथपालच. त्यामुळे शिकवणाऱ्याने हे लक्षात ठेवून सुरुवात करावी की समोरच्या माणसाला मेटाडेटा, म्हणजे माहितीबद्दलची माहिती, काय असते हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्याला फक्त नवी हत्यारं हवीयत.

नव्वदच्या दशकात अशा वर्कशॉपमध्ये ईमेल, दूरच्या कॉम्प्युटरवर काम करू देणारं टेलनेट, मेन्यूतून माहिती शोधून देणारं गोफर हे विषय असायचे. १९९३ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं आणि मग ब्राउझर, सर्च इंजिन, स्वतःचं वेबपेज बनवणं याकडे गाडी वळली. त्या काळातलं एक वर्कशॉप मात्र वेगळंच. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि नेटवर्कवाले एका खोलीत बसले, विषय हा की वेबवरच्या गोष्टींची नोंद कमीत कमी रकान्यांत कशी करायची, आणि त्यातून डब्लिन कोअर निघालं. पुढे त्याचे पंधरा रकाने ठरले, शीर्षक, कर्ता, विषय, तारीख असे, आणि आज जगभरच्या डिजिटल संग्रहांत ते वापरात आहेत. नावावरून पुष्कळ जण आयर्लंडमधलं डब्लिन समजतात, ते नाही.

२००६ मध्ये अमेरिकेतल्याच शार्लट इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोअर्स यांनी स्टाफसाठी ‘२३ गोष्टी’ नावाचा कार्यक्रम चालवला. ब्लॉग उघडा, फोटो टाका, नवं काही आलं की आपोआप कळवणारं आरएसएस लावा, विकी एडिट करा अशा तेवीस छोट्या गोष्टी, आपापल्या वेळेत, नऊ आठवड्यांत, पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर. कार्यक्रम मुक्त लायसन्सने दिला होता म्हणून दुसऱ्या ग्रंथालयांनी तो उचलला, आपल्याला हवा तसा बदलला आणि तो अनेक देशांत पसरला. त्यातली बरीच साधनं आज बंद पडलीयत पण पद्धत टिकली, रोज थोडं, स्वतः करून, आणि चुकलं तरी चालेल.

सध्या ज्या पद्धतीचं सगळ्यात जास्त अनुकरण होतं ती लायब्ररी कार्पेंट्रीची. संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी सॉफ्टवेअर कार्पेंट्री १९९८ पासून होती, तिच्याच धर्तीवर ग्रंथपालांसाठी हे धडे तयार झाले आणि २०१८ पासून ते द कार्पेंट्रीज या संस्थेचा भाग आहेत. धडे कुणीही वापरावेत असे आहेत, फक्त श्रेय द्यायचं. शिकवणारा स्क्रीनवर स्वतः टाइप करतो, लोक त्याच्या मागोमाग टाइप करतात, तो पण चुकतो आणि सगळ्यांसमोर ती चूक शोधतो, हे बघण्यात फार शिकायला मिळतं. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या देतात, जमलं की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर, अडलं की दुसरा, मग मदतनीस गुपचूप येऊन बघतो. हात वर करून ‘मला कळलं नाही’ म्हणायला पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला अवघड जातं हो, चिठ्ठीने ते सोपं होतं.

आता प्रत्यक्षात काय शिकवतात ते. ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या सॉफ्टवेअरचं सत्र बहुतेकांना सगळ्यात जास्त आवडतं कारण दुखणं रोजचं असतं. कॅटलॉगमधून लेखकांची नावं काढली की कुठे ‘टॉलस्टॉय, लिओ’, कुठे ‘लिओ टॉलस्टॉय’, कुठे ‘टॉल्स्टॉय एल.’, माणूस एक आणि नोंदी तीन, मग वाचकाला अर्धीच पुस्तकं सापडतात. हे सॉफ्टवेअर शब्दांचा क्रम, स्वल्पविराम वगैरे बाजूला ठेवून सारख्या वाटणाऱ्या नोंदींचे गट करून दाखवतं, पण एकत्र करायच्या की नाही हे माणसाने ठरवायचं, कारण सारख्या नावाचे दोन वेगळे लेखक असू शकतात आणि ते ओळखणं हे ग्रंथपालाचं कसब आहे. दुसरा चांगला सराव म्हणजे मार्कच्या ८५६ या वेबपत्त्यांच्या रकान्यातल्या लिंक तपासणं. हजारो नोंदींतल्या लिंकपैकी कुठली चालू, कुठली दुसरीकडे वळवलेली, कुठली ४०४ म्हणजे पानच नाही, आणि सगळ्यात फसवी ती जी मशीनला ‘ठीक आहे’ म्हणजे २०० असं सांगते पण उघडल्यावर पान सापडलं नाही असंच लिहिलेलं असतं. इथून मग डीओआय, म्हणजे पत्ता बदलला तरी न बदलणारा ओळख क्रमांक, का वापरायचा, इंटरनेट अर्काइव्हमध्ये जुनं पान कसं शोधायचं हे आपोआप निघतं, वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

तिसरा विषय संग्रह एकमेकांशी बोलतात कसे हा. एका संग्रहाने दुसऱ्याच्या नोंदी कशा मागवायच्या याचा ओएआय-पीएमएच नावाचा नियम २००१ पासून आहे, त्यात फक्त सहा आज्ञा आहेत आणि त्या साध्या ब्राउझरच्या पत्त्यात लिहून चालतात. एंटर मारलं की समोर एक्सएमएलचा, म्हणजे खुणांत गुंडाळलेल्या मजकुराचा, ढीग येतो, पहिल्यांदा सगळे घाबरतात, मग त्यातच डब्लिन कोअरचे ओळखीचे रकाने दिसतात आणि चेहरे बदलतात.

कोहा या ग्रंथालय चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयाची जुनी सिस्टिम तारखांच्या घोळामुळे २००० साल ओलांडणार नव्हती, नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये कॅटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून ब्राउझरमध्ये आणि साध्या टेलिफोन लाइनवरही चालेल अशी सिस्टिम बनवून घेतली, आणि २००० मध्ये ती मुक्त लायसन्सने सगळ्यांना देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द आहे, त्याचा अर्थ भेट. आज छोट्या ग्रंथालयांसाठीच्या मोफत वर्कशॉपमध्ये कोहा आणि २००२ मध्ये एमआयटी व एचपीने आणलेलं डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर डीस्पेस हे दोन विषय हमखास असतात. अडचण एवढीच की दोन दिवसांत इन्स्टॉलेशन दाखवतात, पण बॅकअप कसा घ्यायचा, अपडेट केल्यावर काय मोडतं, सर्व्हर कोण सांभाळणार हे राहून जातं. माझं स्पष्ट मत आहे की बॅकअप घेऊन तो परत चढवून दाखवल्याशिवाय असं वर्कशॉप संपवूच नये.

मोफत असलं तरी खर्च असतोच, तो फक्त दुसरं कुणी उचलतं. जागा आणि वायफाय यजमान संस्था देते, शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, कधी अनुदान असतं, कधी एखादी कंपनी पुढे येते. कंपनीचं वर्कशॉप वाईटच असतं असं नाही पण दोन तास एकाच उत्पादनाचे मेन्यू दाखवले तर तो डेमो झाला आणि तसं आधी सांगायला हवं. फी नसल्यामुळे नाव नोंदवून न येणारेही बरेच असतात म्हणून प्रतीक्षायादी ठेवतात.

सगळ्यात जास्त गरज ज्यांना असते तेच येऊ शकत नाहीत ही मोठी अडचण. एकट्या माणसाने चालवलेलं ग्रंथालय असेल तर तो वर्कशॉपला आला की दार बंद. ऑनलाइन सत्रांनी प्रवास वाचला, रेकॉर्डिंग नंतर बघता आलं, पण अडल्यावर पाठीमागे येऊन उभं राहणारं कुणी नसतं, म्हणून ऑनलाइन गट लहान ठेवावा लागतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, ते आदल्या आठवड्यात तपासलं नाही तर पहिला तास त्यातच जातो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी धड्यांतल्या चित्रांना वर्णन हवं, यात अजून पुष्कळ कमी आहे.

एक विषय पूर्वी नसायचा तो आता आलाय, वाचकाची खासगी माहिती. कुणी कुठलं पुस्तक नेलं हे बाहेर जाऊ द्यायचं नाही ही ग्रंथालयाची जुनी शिस्त, पण कॅटलॉगच्या पानावर वाचकाचा माग काढणारे बाहेरचे ट्रॅकर बसलेले असतील तर ती शिस्त पाळली जात नाही. अशा सत्रात लोक आपल्याच ग्रंथालयाची वेबसाइट उघडतात, पान कुठे कुठे संपर्क करतं ते दाखवणारा ब्राउझरमधला नेटवर्कचा टॅब उघडतात आणि एक शोध घेतल्यावर तो कुठे कुठे गेला ते मोजतात. यादी लांबत जाते तशी खोली शांत होते, आणि मग जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यावरच बोलत असतात.