एसीतली तांब्याची नळी आली कुठून

एसी बसवायला मेकॅनिक आला की मशीनपेक्षा जास्त चर्चा पाइपची होते, कॉपर किती फूट लागेल, फुटाला काय रेट, अ‍ॅल्युमिनियम चालेल का वगैरे. नळी कुठल्या धातूची हा वाद तसा फार जुना आहे. त्यामागचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही म्हणून थोडा लिहितोय.

पाण्यासाठी तांब्याची नळी म्हटली तर इजिप्तमध्ये अबुसीरला जावं लागतं. तिथल्या साहुरा राजाच्या पिरॅमिडजवळच्या मंदिरात तांब्याचा पत्रा ठोकून, वळवून केलेल्या नळ्या सांडपाण्यासाठी दगडात बसवलेल्या होत्या, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, लुडविग बोर्शार्ट या जर्मन संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या खोदून काढल्या. नंतर रोमन लोकांनी शिसं वापरलं कारण ते वाकवायला सोपं, आणि ते तब्येतीला वाईट हे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने त्याच काळात लिहून ठेवलं होतं तरी वापर चालूच राहिला.

पण तांब्याच्या नळीचं खरं काम पाणी नेणं नाही, उष्णता नेणं. आपला बंब बघा ना, मधे नळी, नळीत जळती लाकडं किंवा कोळसा, भोवती पाणी, राख खाली पडते, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब बनायचे, पत्रा मठारून आकार द्यायचा आणि शिवण डाक लावून बंद करायची. सगळं कसब त्या शिवणीत, ती सुटली की बंब गेला.

हीच मधल्या आगीची कल्पना रेल्वेत फार मोठी ठरली. 1829 मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलच्या रेल्वे इंजिनांच्या स्पर्धेत स्टीफन्सनचं रॉकेट इंजिन जिंकलं त्यात बॉयलरमध्ये एका जाड नळीऐवजी 3 इंची तांब्याच्या 25 नळ्या होत्या, गरम धूर त्यातून जायचा आणि पाणी बाहेरून, म्हणजे त्याच आगीला पाण्याशी भिडायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळाला आणि वाफ भराभर झाली. ही सूचना हेन्री बूथची, तो इंजिनिअर नव्हता, रेल्वे कंपनीचा हिशेब-कारभार बघणारा माणूस होता, मला हे फार आवडतं.

आता दाब वाढला की शिवणीची नळी धोक्याची, म्हणून पुढे बिनशिवणीच्या नळ्या आल्या. पोकळ जाड ठोकळा घ्यायचा आणि साच्याच्या भोकातून ओढत ओढत बारीक आणि लांब करायचा. स्टीलमध्ये अखंड सळीलाच फिरवत दाबून भोक पाडायची पद्धत जर्मनीतल्या मॅनेसमन बंधूंनी 1885 च्या सुमारास काढली.

या ओढण्या-ठोकण्यातून धातूत ताण राहतो आणि त्याचा फटका आपल्या देशातच दिसला होता. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की आपोआप तडकायची. ओलावा, घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि पितळेत उरलेला ताण हे तिन्ही मिळून ते होतं, हे 1921 मध्ये इंग्लंडमधल्या वूलविचच्या संशोधकांनी समजावलं. उपाय साधा निघाला, काडतुसं थोडी तापवून ताण काढून टाकायचा.

पितळेत मुख्य तांबंच असतं, तर अमोनिया आणि तांबं यांचं जमत नाही ते असं. म्हणूनच कोकणातल्या मासळी बंदरांजवळच्या बर्फाच्या कारखान्यांत थंड करायला अमोनिया गॅस वापरणारी मशिनं असतात तिथे पाइप लोखंडी म्हणजे स्टीलचे, तांबं नाहीच. सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे गॅस असायचे, ते तांब्यात चालायचे पण गळले की माणसाला घातक. 1928 मध्ये थॉमस मिजलीच्या टीमने फ्रिऑन शोधला, तो विषारी नाही, पेटत नाही आणि तांब्याला खात नाही, मग फ्रिज आणि एसीत तांब्याच्या कॉइलचं राज्य पक्कं झालं. त्याच गॅसने ओझोनचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि 1987 च्या माँट्रियल करारापासून असे गॅस हळूहळू बंद होत गेले. एसीत नंतर आलेल्या आर-410ए या गॅसचा दाब जुन्या आर-22 गॅसपेक्षा साधारण दीडपटीहून जास्त, गॅस बदलला, नळीची जाडी बघावी लागली, पण धातू तोच राहिला.

का राहिला? लोक उष्णतावहनाचे आकडे (वॅट प्रति मीटर-केल्विन) सांगतात, तांबं 400 च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम 235, स्टेनलेस फक्त 15 वगैरे. आकडे बरोबर आहेत पण नळीची भिंत इतकी पातळ असते की तिथे अडथळा फारसा होतच नाही, खरी अडचण उष्णता नळीतून बाहेरच्या हवेत जाताना होते. आपल्या साखर कारखान्यांतही रस आटवायच्या पितळी नळ्या जाऊन स्टेनलेसच्या आल्या आणि काम चालतंय. माझ्या मते तांबं टिकलं ते कारागिरामुळे, ते हाताने वाकतं, टोक फ्लेअर होतं म्हणजे नट बसवायला पसरवता येतं, गळती लागली तर मेकॅनिक गच्चीवर उभा राहून टॉर्चने ब्रेझिंग, म्हणजे दुसरा धातू वितळवून पक्का जोड, करून देतो. अ‍ॅल्युमिनियमचा जोड असा जागेवर नीट करणारा माणूस शोधावा लागतो.

शिवाय अ‍ॅल्युमिनियमची नळी पितळी नटाला जिथे भिडते तिथे खारट दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. नागपूर-अकोल्याला कदाचित चालून जाईल, पण मुंबई, अलिबाग, रत्नागिरीला घर असेल तर फुटाला रेट जास्त पडला तरी कॉपरच घ्या, आणि जाडी विचारून घ्या, कारण हल्ली पातळ पाइपही त्याच नावाने विकतात.