नाथमाधव

नाथमाधव म्हणजे कादंबरीकार द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). आपल्या नावाचं शेपूट आणि वडिलांचं नाव जोडून केलेलं टोपणनाव, पण ते असं चिकटलं की आमच्या बडोद्यात पितळे म्हटलं तर कुणाला पत्ता लागायचा नाही आणि नाथमाधव म्हटलं की घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस लगेच 'वीरधवल' म्हणणार.

तरुणपणी शिकारीचा नाद. सिंहगडच्या बाजूला शिकारीला गेलेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. मग अंथरुणावर पडून वाचन, वाचता वाचता लिहिणं, १९०८ मध्ये पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' आणि पुढच्या वीसेक वर्षांत ढीगच: 'सावळ्या तांडेल', 'वीरधवल' (१९१३), 'सोनेरी टोळी', स्त्रीशिक्षणाचा विषय घेतलेली 'डॉक्टर', शिवकाळावरची स्वराज्यमाला. ४६ व्या वर्षी गेले.

त्यांचा खरा हातखंडा अद्भुतरम्य कादंबरीचा. भाषा जुनी, पल्लेदार, नायिका जरा जास्तच सोशिक, खलपात्रं इतकी काळीकुट्ट की हसू येतं (मला तरी येतं). पण प्रकरण नेमकं कुठे तोडायचं हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं, कुणीतरी फसलेलं असतं आणि इकडे पान संपतं, मग दूध उतू गेलं तरी पुस्तक खाली ठेववत नाही. टीकाकारांनी नाकं मुरडली तरी 'वीरधवल'च्या आवृत्त्या निघतच राहिल्या त्या यामुळेच.

बडोद्यात ही पुस्तकं मुरायला जमीनही तयार होती. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, आणि १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून लायब्ऱ्यांचं खातंच उभं केलं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी रॅक आणि खाली उजेड जावा म्हणून काचेची जमीन, लहानपणी त्या काचेवर पाय टाकायला माझी टरकायची.

माझी आजी दांडिया बाजारातली, चार बुकं शिकलेली. दुपारी वाड्यातल्या बायका तांदूळ निवडायच्या आणि ही मोठ्याने 'वीरधवल' वाचायची, एका बैठकीला एकच प्रकरण. पुढचं सांग म्हणून कितीही गळ घातली तरी ऐकायची नाही, पण रात्री कंदिलाशी बसून स्वतः मात्र पुढची दोन उरकून टाकायची. तिची ती प्रत अजून माझ्याकडे आहे, शेवटची दोन पानं फाटलीत आणि तिथे वहीचे कागद दोऱ्याने शिवलेत, त्यावर जांभळ्या शाईत कुणाची तरी प्रत मागून आणून उतरवलेला शेवट.